दहावीचे रसायनशास्त्र: सुरुवात संयुजेपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या शाळेत सेमी-इंग्रजीत शिकते, यंदा दहावीत गेली. गणित चांगले आहे, भौतिकशास्त्राची उदाहरणेही सुटतात. रसायनशास्त्राची समीकरणे मात्र रात्री पाठ होतात आणि चार दिवसांत पुसली जातात. घरी नेमके काय करून घ्यावे, आणि शिकवणी लावावीच लागेल का?

जिचे गणित चांगले आहे तिला रसायनशास्त्र जड जाण्याचे काही कारण नाही. जड जाते आहे याचा अर्थ मागचे काहीतरी राहून गेले आहे. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये दहा धडे आहेत, त्यांतले चार रसायनाचे: मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. हे चारही धडे गृहीत धरतात की मुलीला संज्ञा, संयुजा (अणूची दुसऱ्या अणूंशी जोडले जाण्याची क्षमता), मूलके (प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट) आणि रेणुसूत्रे येतात. तो भाग आठवी-नववीत झालेला असतो आणि बहुतेक ठिकाणी घाईत उरकलेला असतो. रेणुसूत्र जुळवता येत नसेल तर समीकरण म्हणजे अर्थ नसलेली अक्षरांची माळ. ती पाठ करणे एखाद्या अनोळखी माणसाचा फोन नंबर पाठ करण्यासारखे आहे. म्हणून दहावीचे पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी एक छोटी चाचणी घ्या.

कोरा कागद द्या, वीस मिनिटे द्या, पुस्तक बंद. पहिले, अणुअंक १ ते २० ची नावे, संज्ञा आणि इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी. दुसरे, पाच रेणुसूत्रे: कॅल्शियम ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, अमोनियम कार्बोनेट, मॅग्नेशियम फॉस्फेट, फेरिक हायड्रॉक्साइड. तिसरे, अ‍ॅल्युमिनियम आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यातल्या अभिक्रियेचे संतुलित समीकरण. चौथे, ९ ग्रॅम पाण्यात किती मोल रेणू आणि किती रेणू. पहिल्यातच अडली तर आठवीपासून सुरुवात करावी लागेल, त्याला साधारण तीन आठवडे धरा. दुसऱ्यात अडली, आणि बहुतेक मुले इथेच अडतात, तर दहा-बारा दिवस पुरतात. फक्त चौथ्यात अडली तर फार काळजी नको, दहावीच्या रसायनाच्या धड्यांत मोलची उदाहरणे जवळजवळ नाहीत. पण अकरावीला विज्ञान घ्यायचे असेल तर मोल टाळता येणार नाही, आणि त्यासाठी दिवाळीची सुट्टी चांगली.

आता रेणुसूत्रांकडे. पाठांतर करायचेच असेल तर ते इथे करा, कारण एवढे एकच पाठांतर पुढच्या शंभर पाठांतरांची गरज संपवते. मूलकांची यादी लहान आहे. धन मूलके: एक प्रभाराची सोडियम, पोटॅशियम, चांदी, अमोनियम. दोन प्रभाराची मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, जस्त, शिसे, फेरस लोह, क्युप्रिक तांबे. तीन प्रभाराची अ‍ॅल्युमिनियम आणि फेरिक लोह. ऋण मूलके: एक प्रभाराची क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट, परमँगनेट. दोन प्रभाराची ऑक्साइड, सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट, कार्बोनेट. तीन प्रभाराचे फॉस्फेट आणि नायट्राइड. पोस्टकार्डाच्या आकाराच्या जाड कागदाचे तुकडे कापा, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला सूत्र आणि प्रभार. धन मूलकांची गड्डी वेगळ्या रंगाची करा. रोज दोन्ही गड्ड्यांतून एकेक पान उचलायचे आणि संयुगाचे सूत्र लिहायचे. अशी दहा संयुगे लिहायला सुरुवातीला पंधरा मिनिटे लागतात, आठवड्यानंतर चार.

सूत्र लिहिताना तिरकस पद्धत वापरतात: अ‍ॅल्युमिनियमवरचा ३ सल्फेटच्या खाली जातो, सल्फेटवरचा २ अ‍ॅल्युमिनियमच्या खाली. इथे तीन ठिकाणी हमखास चूक होते. एक, सल्फेट हा गंधक आणि ऑक्सिजन यांचा गट असल्याने त्याला कंस हवा आणि ३ कंसाबाहेर. कंस विसरला की ऑक्सिजनच्या चाराला चिकटून तीन येतो आणि त्रेचाळीस अणूंचा ऑक्सिजन तयार होतो. दोन, प्रभार सारखे असतील तर संख्या छेदून टाकायच्या. कॅल्शियम ऑक्साइडमध्ये दोनाला दोनाने छेद जातो, खाली काहीच उरत नाही. तीन, तयार सूत्रात प्रभाराच्या खुणा ठेवायच्या नाहीत. याशिवाय अक्षरांचा आकार: कोबाल्टच्या संज्ञेतले दुसरे अक्षर लहान असते. तेच मोठे काढले की कोबाल्टचा कार्बन मोनॉक्साइड झाला. परीक्षक इथे गुण कापतात ते योग्यच आहे, कारण पदार्थच बदलला.

नावांच्या शेपट्याही लक्षात आणून द्या. सल्फाइडमध्ये नुसते गंधक असते, सल्फाइटमध्ये गंधकाबरोबर तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. प्रभार तिन्हींवर दोनच. फेरस म्हणजे दोन, फेरिक म्हणजे तीन. क्युप्रस एक, क्युप्रिक दोन. म्हणजे ‘-अस’ कमी, ‘-इक’ जास्त, एवढे कळले की ही चार नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

सूत्रे हाताखालून गेली की समीकरण संतुलन. वरच्या चाचणीतले तिसरे उदाहरण घेऊन दाखवतो. आधी शब्दांत लिहायला लावा: अ‍ॅल्युमिनियम अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, बाण, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड अधिक हायड्रोजन. ही शब्दांची ओळ वगळू देऊ नका. मग प्रत्येक नावाखाली सूत्र, स्वतः जुळवलेले. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडमध्ये एका अ‍ॅल्युमिनियमला तीन क्लोरीन. हायड्रोजन वायू मोकळा आहे, म्हणजे तो दोन अणूंचा रेणू. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमिन, आयोडिन या सातांना मोकळे असताना जोडीनेच लिहायचे, हे एकदाच पक्के करून घ्या. आता मोजा. उजवीकडे क्लोरीन तीन, डावीकडे एक. म्हणून आम्लाच्या आधी ३ लिहिला. त्यामुळे डावीकडे हायड्रोजन तीन झाले आणि उजवीकडे दोन आहेत.

नेमके इथे वहीत गडबड दिसते. तीन आणि दोन जुळत नाहीत म्हणून मूल उजवीकडच्या हायड्रोजनच्या खालचा दोन खोडून तीन करते. समीकरण कागदावर जुळते, पण तीन अणूंचा हायड्रोजन रेणू कुठल्याच परीक्षानळीतून निघत नाही. नियम एकच: सूत्र एकदा लिहिले की त्याच्या खालचे अंक गोठले, बदलायचे ते फक्त सूत्रापुढचे अंक. तीन आणि दोन यांचा लसावि सहा, म्हणून आम्लापुढे ६, हायड्रोजनपुढे ३. क्लोरीन सहा झाले, म्हणून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडपुढे २, आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमपुढे २. दोन, सहा, दोन, तीन. लसावि तुमच्या मुलीला उत्तम येत असणार, इथे तोच लागतो.

क्रम असा सांगा: आधी धातू, मग हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून बाकी अधातू, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. सल्फेट किंवा नायट्रेट गट दोन्ही बाजूंना अखंड असेल तर तो फोडून मोजू नका, अख्खा गट एक म्हणून मोजा. वेळ निम्मा होतो. मोकळे मूलद्रव्य सगळ्यात शेवटी, कारण त्याचा अंक बदलल्याने दुसरे काही बिघडत नाही. पहिले पंधरा दिवस रोज तीन समीकरणे पुरेत. एका बैठकीत तीस करून मग आठवडाभर काहीच नाही, असे करण्यात वेळ वाया जातो.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि घरी तोच सर्वांत जास्त वगळला जातो: समीकरणात लिहिलेली गोष्ट डोळ्यांनी पाहणे. पाहिलेली अभिक्रिया विसरत नाही. शाळेत चाळीस-पन्नास मुलांत एक प्रयोग मांडला जातो, मागच्या बाकावरून रंग दिसत नाही. घरी तीन प्रयोग सहज होतात. तिन्ही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, स्वयंपाकाच्या भांड्यांत नाही.

पहिला, विस्थापनाचा, म्हणजे एका धातूने दुसऱ्याची जागा घेण्याचा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, शेतीची औषधे विकणाऱ्या दुकानात मिळते. ते विषारी आहे, हात धुणे आणि लहान भावंडांपासून दूर ठेवणे आवश्यक. काचेच्या जुन्या बाटलीत १०० मिलिलिटर पाणी आणि साधारण २ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा सपाट, मोरचूद. निळे द्रावण तयार होते. साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, दोन खिळे आत सोडा आणि एक तुलनेसाठी बाहेर ठेवा. वीस मिनिटांत तांबूस थर येतो. रंग फिका व्हायला मात्र वेळ लागतो, रात्रभर ठेवा.

बिघडते कुठे? हार्डवेअरच्या दुकानात आज मिळणारे बरेच खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. ते टाकले तर काळसर भुसभुशीत थर येतो आणि द्रावण हिरवट न होता रंगहीन होऊ लागते, कारण आधी जस्त अभिक्रिया करते. हा ‘चुकलेला’ प्रयोग फेकू नका. अभिक्रियाशीलतेच्या क्रमात जस्त लोखंडाच्या वर आहे, हे त्यातून दिसते. स्टेनलेस स्टीलचा खिळा असेल तर काहीच होत नाही, त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर आड येतो. खिळ्याला तेल लागले असेल तर तांबे डागाडागांनी बसते. आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे फिकट हिरवे द्रावण दिसले नाही, पिवळट दिसले, तर फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होते आहे. प्रयोग झाल्यावर निळे द्रावण मोरीत किंवा कुंडीत ओतू नका. आणखी चार खिळे टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा, मग भरपूर पाण्याबरोबर सोडा.

जुन्नर, नारायणगावकडे द्राक्षबागा असलेले कोणी नातेवाईक असतील तर हाच प्रयोग शेतात पाहता येईल. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण करतात, एक टक्का म्हणजे १०० लिटर पाण्याला प्रत्येकी १ किलो. मिश्रण झाले की त्यात चकचकीत विळा किंवा सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस छटा आली तर तांबे अजून मोकळे आहे, पिकाची पाने करपतील, म्हणून चुन्याचे पाणी आणखी घालतात. पुस्तकातल्या विस्थापन अभिक्रियेचा इतका रोखठोक उपयोग दुसरा सापडणे कठीण.

दुसरा प्रयोग कार्बन डायऑक्साइडचा. पानाला लावायचा चुना अर्धा चमचा, पाव लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचे नितळ पाणी अलगद दुसऱ्या बाटलीत काढून झाकण घट्ट लावा. ही चुन्याची निवळी. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा किंवा गॉगल हवा. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवा, फट मेणाने बुजवा. बाटलीत एक चमचा खाण्याचा सोडा, त्यावर ५० मिलिलिटर व्हिनेगर, लगेच झाकण, आणि नळीचे टोक निवळीत. नळी कुठे दुमडलेली नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर दाब वाढून झाकण उडेल. निवळी दुधाळ होते, तो कॅल्शियम कार्बोनेटचा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका. वायू सोडत राहिलात तर ती पुन्हा नितळ होऊ लागते, कारण विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट बनते.

हा प्रयोग फसण्याचे नेहमीचे कारण फेस. बाटली लहान असेल तर व्हिनेगरचा फेस नळीतून निवळीत जातो, आम्ल चुन्याचे उदासिनीकरण करते आणि निवळी दुधाळ होतच नाही. म्हणून बाटली किमान अर्ध्या लिटरची घ्या. निवळी नीट न नितळता वापरली तर ती सुरुवातीपासूनच गढूळ, मग बदल कशात पाहणार? आणि निवळी उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्यावर पांढरी साय धरते. तीही मुलीला दाखवा.

हीच शेवटची अभिक्रिया उलट दिशेने पुण्याच्या घराघरात चालू असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायटीत किटलीच्या तळाला पांढरी खर जमते. पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट उकळल्याने फुटते, कार्बन डायऑक्साइड जातो, कार्बोनेट तळाला बसते. त्या खरीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले की फसफसते. दहावीच्या वहीतली अपघटन अभिक्रिया आणि नववीतली आम्ल-कार्बोनेट अभिक्रिया, दोन्ही एका किटलीत.

तिसरा हळदीचा, दर्शकांसाठी, म्हणजे रंग बदलून आम्ल किंवा आम्लारी ओळखून देणाऱ्या पदार्थांसाठी. हळदीच्या दाट पाण्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. साबणाच्या पाण्यात आणि धुण्याच्या सोड्यात त्या लाल होतात, खाण्याच्या सोड्यात फिकट तांबूस. लिंबाच्या रसात आणि साध्या पाण्यात मात्र पिवळ्याच राहतात. म्हणजे हळद आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत फरक सांगत नाही. हे मुलीने स्वतः हेरले पाहिजे, मग दोन रंगांचे लिटमस का लागतात ते आपोआप कळते. लाल झालेली पट्टी लिंबूरसात बुडवली की पुन्हा पिवळी होते.

या प्रयोगांची नोंद कशी लिहायची, हे प्रात्यक्षिकाच्या २० गुणांसाठीही महत्त्वाचे आहे. कृती, निरीक्षण, अनुमान असे तीन रकाने. बहुसंख्य मुले निरीक्षणाच्या रकान्यात लिहितात, ‘कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला’. हे निरीक्षण नाही. डोळ्यांना दिसले ते एवढेच: रंगहीन वायूचे बुडबुडे आले, वास नव्हता, निवळी दुधाळ झाली. वायू कार्बन डायऑक्साइड आहे, हे त्यावरून काढलेले अनुमान. तसेच ‘तांबे जमा झाले’ हे अनुमान, ‘खिळ्यावर तांबूस थर आला’ हे निरीक्षण. हा फरक एकदा हातात बसला की तोंडी परीक्षेतले ‘हे कशावरून?’ सोपे जाते, कारण उत्तर शेजारच्या रकान्यातच असते.

घरात एक गोष्ट कधीही करून पाहू नये, आणि ती मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. बाथरूम धुण्याचे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. शाळेतही संहत आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतायचे, थेंबाथेंबाने, ढवळत. उलट केले तर वरचे थोडे पाणी उष्णतेने उकळून आम्लासकट अंगावर उडते.

चार धड्यांबद्दल आता वेगवेगळे, पण सारखे नाही, कारण सगळ्यांना सारखा वेळ लागत नाही.

आवर्तसारणीच्या धड्यात मुले इतिहासात अडकतात. डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह १८६९, मोस्ले १९१३, एवढा क्रम आणि प्रत्येकाच्या पद्धतीत काय बसले नाही हे एकेका ओळीत पुरे. खरा भर गुणधर्म कसे बदलत जातात त्या कलांवर द्या. आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होते. मुलांना हे उलटे वाटते, इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू मोठा झाला पाहिजे. पण कवच तेच राहते आणि केंद्रकावरचा धन प्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. सोडियमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, त्याच आवर्तातल्या क्लोरीनची ९९. गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली जाताना नवे कवच वाढते, म्हणून अणू मोठा. हे एक कारण समजले की धातू-गुण, इलेक्ट्रॉन देण्याचा कल, हॅलोजनांची अभिक्रियाशीलता, सगळे त्यातूनच निघते. सारणी पाहताना प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन संरूपण मांडायला लावा, सोडियम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७.

धातुविज्ञानात अभिक्रियाशीलता श्रेणी हा कणा आहे: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, मग हायड्रोजन, त्याखाली तांबे, पारा, चांदी, सोने. धातू कसा मिळवायचा हेही याच क्रमावर ठरते. खालचे नुसत्या उष्णतेने सुटतात, मधल्यांना कार्बन पुरतो, वरच्यांना वीज लागते. अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड २००० अंशांच्या वर वितळते, म्हणून क्रायोलाइट आणि फ्लोरस्पार मिसळून काम १००० अंशांच्या आसपास आणतात. धनाग्र, म्हणजे विजेचे धन टोक, कार्बनचे असते आणि तिथे सुटणाऱ्या ऑक्सिजनमुळे ते झिजत जाते, म्हणून ठरावीक काळाने बदलावे लागते. हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

याच धड्यातल्या ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रकारात गुण कसे जातात ते पाहा. प्रश्न: हिरवट पडलेली तांब्याची भांडी लिंबू किंवा चिंचेने घासतात. नेहमीचे उत्तर: ‘लिंबात आम्ल असते, त्यामुळे भांडे स्वच्छ होते.’ याला फार तर निम्मे गुण. पूर्ण उत्तरात तीन दुवे हवेत. दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तांब्यावर कॉपर कार्बोनेटचा हिरवट थर येतो. लिंबातले सायट्रिक किंवा चिंचेतले टार्टारिक आम्ल त्या थराशी अभिक्रिया करून विरघळणारा क्षार बनवते, तो पाण्याबरोबर जातो. तांबे स्वतः हायड्रोजनच्या खाली असल्याने विरल आम्लाचा त्यावर परिणाम होत नाही. पहिल्या दोन दुव्यांवर गुण मिळतात, तिसरा लिहिणाऱ्या मुलीला विषय कळला आहे. एखाद्या सुट्टीच्या सकाळी कसबा पेठेतल्या तांबट आळीत तिला घेऊन जा. ठोक्याची भांडी घडताना दिसतील, आणि कोणी कल्हई करत असेल तर नवसागर, कथील आणि तापलेले भांडे हे सगळे क्षरण-प्रतिबंधाच्या उपप्रश्नाचे उत्तरच आहे.

कार्बनी संयुगांच्या धड्यात कागद पुरत नाही, हात लागतात. वाटाणे रात्रभर भिजवा, दातकोरण्या घ्या. काळा ठिपका दिलेला वाटाणा कार्बन, त्याला चारच काड्या. मिथेन, इथेन, प्रोपेन बनवले की दर वेळी एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात हे बोटांना कळते, समजातीय श्रेणीतला रेणुवस्तुमानाचा १४ चा फरक तिथून येतो. चार कार्बन सरळ जोडा, मग टोकाचा एक काढून मधल्याला जोडा: अणू तेवढेच, रचना वेगळी, ही समघटकता. ईथीन करताना दोन वाटाण्यांमध्ये दोन काड्या घालाव्या लागतात आणि मग ते फिरत नाहीत, हेही दिसते. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून अशी प्रतिरूपे मुलांपर्यंत पोचवली. ती जास्त टिकतात, वाटाणे दोन दिवसांत आक्रसतात. नामकरणासाठी मात्र रोज पाच सूत्रांची नावे आणि पाच नावांची सूत्रे, दुसरा उपाय नाही.

समीकरणांच्या धड्याचे बहुतेक वर आलेच. प्रत्येक अभिक्रियेपुढे तिचा प्रकार लिहायची सवय लावा: संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. शिवाय स्थायू, द्रव, वायू, जलीय या अवस्थांच्या खुणा. त्या विसरल्याने जाणारा अर्धा-अर्धा गुण वर्षभरात सुधारता येतो, परीक्षेच्या आदल्या रात्री नाही.

सेमी-इंग्रजीबद्दल एकच सांगतो. मुलगी उत्तर इंग्रजीत लिहिणार, पण समजावून घेताना तिला मराठीत बोलू द्या. ‘काय झाले, का झाले’ हे तिने आधी मराठीत धड सांगितले पाहिजे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. धडा कळला नाही की तोच मराठी पुस्तकात वाचायला द्या.

आठवड्याचे गणित असे ठेवा. चार दिवस रोज पंचवीस मिनिटे: पाच मिनिटे मूलकांची पाने, पंधरा मिनिटे चालू धडा, शेवटची पाच मिनिटे कालचे समीकरण कोऱ्या कागदावर न पाहता. रविवारी एक तास, त्यात मागच्या दोन आठवड्यांतले दहा प्रश्न लेखी. दिवाळीपर्यंत चारही धडे एकदा झाले पाहिजेत, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या आधी दुसरी फेरी मिळते. जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या फेरीनंतरच, अप्पा बळवंत चौकात त्यांचे संच सहज मिळतात. उत्तरांसह छापलेले संच आधी हातात दिले तर मूल प्रश्न वाचून लगेच उत्तराकडे वळते आणि आपल्याला येते असा त्याचा समज होतो. घेतलेच तर उत्तरांची पाने काढून तुमच्याजवळ ठेवा.

पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना पाहायला खुली ठेवतात. दहावीला त्या वेळी परीक्षा डोक्यावर असते. धाकटे भावंड असेल तर त्याला नववीतच घेऊन जा, तारीख आधी पाहून.

शिकवणीचे म्हणाल, तर वरच्या चाचणीत दुसऱ्या प्रश्नापर्यंत मुलगी ठीक असेल आणि घरी कोणी आठवड्यातून चार दिवस तिच्या शेजारी बसू शकत असेल तर शिकवणीची गरज नाही. शेजारी बसणाऱ्याला रसायन यायलाच हवे असे नाही, पाने विचारणे आणि वही पुस्तकाशी ताडून पाहणे एवढेच काम आहे. तसे कोणी नसेल तर शिकवणी लावा. पण प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. एका तुकडीत किती मुले आहेत. लिहिलेली समीकरणे कोण आणि किती दिवसांनी तपासून देते. आणि आठवी-नववीचा राहिलेला भाग आधी घेतला जातो का, की जूनपासून थेट दहावीचा पहिला धडा सुरू होतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘ते त्यांना यायलाच हवे’ असे आले, तर तिथे पैसे भरू नका.